चांगदेवच्या संगमावरच्या अनोळखी माणसांचे आभार

थंडीत आम्ही भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेऊन तापी-पूर्णेच्या संगमावर गेलो होतो. वाळूत मुलीला फर्नचं पान उमटलेला दगड सापडला, मुलाला एक जड, खोबणीदार तुकडा.

शेजारी जेवायला बसलेल्या त्या दोघा शिक्षकांचं नावही विचारायचं राहिलं. त्यांनी हातातली भाकर ठेवून भिंगातून दोन्ही दगड पाहिले. 'पान' म्हणजे मँगनीजचं झाडासारखं पसरलेलं खनिज, वनस्पती नव्हेच. मुलगी हिरमुसली, तेव्हा बाईंनी तिला भिंगातून त्याच्या बारीक फांद्या दाखवल्या. मला ते फार भावलं. दुसरा तुकडा मात्र खरा जीवाश्म, गायीबैलांच्या कुळातल्या प्राण्याची दाढ! आपला काळा बेसॉल्ट खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात हाडं कुठली? ती नदीच्या पिवळ्या गाळात शोधायची, हे तेव्हा कळलं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडलीत, हेही त्यांनीच सांगितलं.

जागा लिहून ठेवायला चिठ्ठी देणारे नावाडी काका, तुमचेही आभार. दाढ कापसात जपून ठेवली आहे, चिठ्ठीसकट.