खोक्यावर 'फुल एचडी', पडद्यावर धूसर

महोदय,

दिवाळीआधी बर्डीच्या बाजारातून आठ हजारांचा टॅब्लेट आणला. हेतू साधा : मोबाइलच्या वीतभर पडद्यावर कीर्तन, जुनी नाटकं पाहून डोळे शिणायचे. त्या कामाला वस्तू झकास. इअरफोनची पिन बसते, मेमरी कार्ड चालतं, यूट्यूब स्वच्छ दिसतं. सौभाग्यवती भाजी निवडता निवडता दोन भाग उरकते. कॅमेरा मात्र असून नसल्यासारखा. पण टॅब्लेटने फोटो काढतो कोण?

खटकलं ते वेगळंच. पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या अ‍ॅपवर चित्र धूसर. नेट बदललं, राउटर बंद-चालू केला, तरी नटाच्या मिश्या आणि ओठ एकच! शेवटी नातवाने उलगडा केला. यात चित्रपटांची चोरी रोखणारी 'वाइडवाइन' ही सुरक्षा प्रणाली एल१ या वरच्या पातळीची नसून एल३ या खालच्या पातळीची आहे. त्यामुळे अशी अ‍ॅप्स बहुधा ४८०पी या साध्या दर्जाच्या चित्राच्या वर जातच नाहीत. पडदा १०८०पीचा, म्हणजे फुल एचडी असला तरी उपयोग शून्य. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नाही.

दुकानदाराला विचारलं, तर म्हणे, "काकाजी, एवढं कोण पाहते?"

फ्रिजवर विजेच्या बचतीचे तारे छापतात, तसा हा एल१-एल३ खोक्यावर ठळक छापायला काय हरकत आहे? ग्राहक व्यवहार खात्याने यात लक्ष घालावं. तोवर घेणाऱ्यांनी दुकानातच 'डीआरएम इन्फो' हे ही पातळी दाखवणारं फुकटचं अ‍ॅप टाकून पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

– एक निवृत्त पोस्टमास्तर, महाल, नागपूर