शमाशकाकांस, पुसट अक्षरं वाचून दिल्याबद्दल

आदरणीय शमाशकाका,

शालोम. हे पत्र मुद्दाम उघडं लिहितो आहोत. मुंबई सोडून गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांतून दर वर्षी कुणी ना कुणी नातवंडांना घेऊन परत येतं, आणि त्यातले कितीतरी जण आजोबांची कबर न सापडताच हात हलवत परत जातात. इस्राएलमधल्या अश्दोदहून किंवा लोदहून निघताना त्यांच्याजवळ एक आडनाव आणि एक जुना फोटो असतो. तुम्ही, मशिदीचे शमाश म्हणजे देखभाल पाहणारे, पहिल्याच फोनवर आम्हाला आडनाव बाजूला ठेवायला सांगितलंत. सगळं मार्गी लागलं ते तिथून. त्याबद्दल मनापासून आभार.

आडनाव का फसवतं हे तुम्ही फार नीट समजावलंत. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं कोकणातल्या गावांची. पण इंग्रजांच्या काळात फौजेत, रेल्वेत किंवा पोस्टात लागलेल्यांनी वडिलांचं नावच आडनावासारखं लावलं. म्हणून अब्राहम सॅम्युएल पेणकर दफनाच्या वहीत ‘सॅम्युएल, ए.’ म्हणून सापडतात आणि ‘पेणकर’ शोधणारा पानं उलटत बसतो. त्याहून जुनी नोंद असेल तर नावंही मराठी वळणाची: अब्राहमचे अबाजी, मोझेसचे मुसाजी. १७९६ साली शाअर हारहामीम, म्हणजे आपली जुनी मशीद (सिनेगॉगला आपण मशीदच म्हणतो), बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे लोकांच्या तोंडी सामाजी हसाजी होते, हे उदाहरण तुम्ही दिलंत आणि घरातल्या पोरांनाही ते लगेच कळलं. तेव्हा विमानात बसण्याआधी कागदावर पाच गोष्टी हव्यात: गेलेल्या माणसाचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, मृत्यूचं साधारण साल आणि राहण्याचा मोहल्ला. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांना तुम्ही शाळा विचारता. माझगावची सर एली कदुरी शाळा म्हणजे हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली काढलेली इस्राएली शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव एकाच ओळीत मिळतं.

कबरस्तानात तुम्ही जे शिकवलंत ते तर आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो आहोत. दगड खरवडायचा नाही. तारेचा ब्रश, अॅसिड, साबण, यातलं काहीही नको, कारण संगमरवराचा वरचा थर एकदा गेला की अक्षरही जातं. खडू किंवा पीठही चोळायचं नाही; ते बारीक छिद्रांत बसतं आणि पावसाळ्यात तिथेच शेवाळ धरतं. साधं पाणी, मऊ कुंचला आणि दहा मिनिटं थांबणं. मग सकाळी नऊच्या आत, ऊन तिरपं असताना, किंवा बाजूने आरसा धरून उजेड दगडावर घासत जाईल असा पाडायचा. जे अक्षर समोरून अजिबात दिसत नव्हतं ते सावलीतून उठून येतं.

माथ्यावर पे आणि नून ही दोन हिब्रू अक्षरं दिसली की ‘इथे पुरलं आहे’. सालासाठी खाली बघायचं. तिथे हिब्रू सालातला हजारांचा पाच बहुधा गाळलेला असतो आणि उरलेले आकडे अक्षरांत असतात: ताव म्हणजे ४००, शिन ३००, योद १०, हेत ८, हे ५. त्या बेरजेत १२४० मिळवले की इंग्रजी साल येतं. रोश हशाना (हिब्रू नववर्ष) ते डिसेंबरअखेरची तारीख असेल तर १२३९. ताव-शिन-हे म्हणजे ७०५, म्हणजे १९४५. ताव-शिन-हेत म्हणजे ७०८, म्हणजे १९४८. आणि नेमकी इथेच लोकांची फसगत होते, कारण ‘हे’ आणि ‘हेत’ या अक्षरांत फरक तो डाव्या पायाच्या वरच्या फटीचा. फटीत शेवाळ भरलं की ‘हे’चा ‘हेत’ होतो आणि माणसं वहीत तीन वर्षं पुढे शोधत बसतात. दालेत आणि रेशचंही तसंच: कोपरा झिजला की चारचे दोनशे.

तारीख एका दिवसाने चुकली तरी घाबरू नका, असं तुम्ही सांगितलंत. माणूस सूर्यास्तानंतर गेला असेल तर दगडावर हिब्रू पंचांगातला पुढचा दिवस असतो आणि महापालिकेच्या दाखल्यावर आदला. वर्षश्राद्ध दगडावरच्या तारखेनेच धरायचं.

जुनं घर शोधण्याच्या बाबतीत तुमचा सल्ला थोडक्यात होता, पण मोलाचा. चाळीचं नाव बदलतं, रस्त्याचंही बदलतं (जेकब सर्कलचा संत गाडगे महाराज चौक झाला, डिलाइल रोडचा ना. म. जोशी मार्ग), आणि चाळीच्या जागी टॉवर उभा राहतो. जमिनीचा सी. एस. (भूमापन) नंबर मात्र तोच राहतो. जुन्या भाडेपावतीवर तो आणि ‘मांडवी डिव्हिजन’, ‘माझगाव डिव्हिजन’ असं काही लिहिलेलं असेल, तर ती पावती फोटोपेक्षा जास्त कामाची.

वाराचा हिशेब तर प्रत्येकाने पाठच करावा. शनिवारी आणि सणाला कबरस्तान बंद, शुक्रवारी दुपारच्या आत आटपायचं. कुटुंबात कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला, कुणी असेल तर तो फाटकाबाहेर थांबेल, त्याच्यासाठी सावलीत खुर्ची हवी. २००८च्या हल्ल्यापासून मशिदीत आयत्या वेळी प्रवेश मिळत नाही. पासपोर्टच्या प्रती आधी पाठवून परवानगी घ्यावी लागते. कद्दीशसाठी, म्हणजे गेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेसाठी, दहा पुरुष लागतात, आणि आज मुंबईत ते जमवणं हेच सगळ्यात कठीण. तुम्ही आमची भेट सकाळच्या तेफिलाला (प्रार्थनेला) जोडून दिलीत, म्हणून दहा जण आधीच हजर होते. बाकी कुणी हे सुचवलं नसतं.

आणि मलिद्याचं, नवसाच्या त्या गोड पोह्यांचं, माप! पंचवीस माणसांना जाड पोहे एक किलो, मोठे नारळ दोन, साखर चारशे ग्रॅम, दहा-बारा वेलदोडे, वर बदाम-बेदाणे. पोहे चाळणीत धुऊन पाणी पूर्ण निथळायचं, भिजत घालायचं नाही. साखर अगदी शेवटी, कारण आधी घातली तर तिला पाणी सुटतं आणि खाली लगदा होतो. ताटात पाच फळं. इस्राएलमध्ये सुकं खोबरं वापरून वाढलेल्या पोरांना ओल्या नारळाचा मलिदा म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) टाप्यावर, म्हणजे खंडाळ्याच्या पवित्र खडकावर, जाणाऱ्यांनी डबा सोबत न्यावा, हेही तुमचंच. गेटवेवरून मांडव्याच्या साध्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरची रो-रो बघावी. मांडव्याहून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर, तिथून सागाव-खंडाळ्याला रिक्षा मिळते.

या सगळ्याचे तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, चहासुद्धा तुमच्याच घरचा. म्हणून तुम्हाला उपयोगी पडेल असंच काही पाठवतो आहोत. बेर-शेवा, दिमोना आणि रामल्याच्या घरांतून वरच्या पाच गोष्टींचे कागद भरून घेतले आहेत. हनुक्काच्या सणानंतर येणाऱ्या कुटुंबांचे आधी लावले आहेत. ज्यांच्याकडे भाडेपावती आहे त्यांच्या कागदाला तिची प्रत टाचली आहे. दगडांचे फोटो आरसा धरून काढलेले आहेत. ज्या तीन दगडांवर ‘हे’ की ‘हेत’ ते आम्हाला ठरवता आलं नाही, त्यांवर पेन्सिलीने खूण केली आहे. तेवढे सवडीने पाहा.

तुमचे ऋणी,
अश्दोद आणि लोदची मंडळी