छताचं अस्तर धुऊ नका, पुसा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की नागपुरातल्या वॉशिंग सेंटरांपुढे गाड्यांच्या रांगा लागतात. पावसाळ्यात आतून कुबट झालेली गाडी पूजेआधी स्वच्छ करून घ्यावी, हे रास्तच. पण या घाईत जुन्या गाड्यांच्या छताचं अस्तर हकनाक जातं. फेसाची गन नाहीतर वाफ मारली की डाग गेल्यासारखा दिसतो आणि काही दिवसांत कापड सुटून डोक्यावर लोंबायला लागतं. धुणाऱ्यालाही आणि गाडीवाल्यालाही हे टाळता येतं, म्हणून हे पत्र.

बहुतेक गाड्यांच्या छताला तीन थर असतात. पत्र्याखाली पुठ्ठ्यासारखा साच्यातला बोर्ड, त्यावर चिकटवलेला ३-४ मिलिमीटरचा स्पंज आणि दिसतं ते विणलेलं पातळ कापड. (जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीत तारांवर ताणलेलं रेक्झिन असे, ते ओल्या फडक्याने खुशाल पुसावं.) यात सर्वांत नाजूक स्पंज. तो पॉलियुरेथेनचा असतो आणि उष्णता व दमट हवा यांनी वर्षानुवर्षं आतून कुजत जातो. २३ मे २०१३ रोजी आपल्या शहराने ४७.९ अंश पाहिले. एरवीही मे महिन्यात पंचेचाळिशीचं अप्रूप नाही. अशा उन्हात बंद गाडीतली हवा ६० अंशांच्या पुढे जाते आणि टपाचा पत्रा त्याहून तापतो. त्या पत्र्याखाली हा स्पंज आणि गोंद रोज भाजत असतात.

म्हणून पाण्याला हात लावण्याआधी एक परीक्षा करावी. मागच्या काचेजवळ, जिथे ऊन जास्त लागतं, तिथे अस्तरावर बोट हलकं दाबावं. स्पंज लगेच वर आला तर काम करता येईल. खड्डा तसाच राहिला, कुरकुर आवाज आला किंवा कडेच्या रबराशी पिवळसर भुकटी दिसली, तर स्पंज संपला आहे. तिथे कुठलाच क्लीनर उपयोगाचा नाही.

पुढचं काम डाग कुठून आला हे शोधण्याचं. तपकिरी कडेचा डाग बहुधा गळतीचा असतो. पाणी बोर्डवरून उताराकडे धावतं, त्यामुळे भोक एकीकडे आणि डाग दुसरीकडे. डाग पुढच्या कोपऱ्यात असेल तर अँटेनाचं बूड आणि समोरच्या काचेचा सीलंट बघावा; कडेला असेल तर टपाच्या पन्हाळीतला भेगाळलेला सांधा आणि कॅरियरचे बोल्ट. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतल्या निचऱ्याच्या नळ्या कडुनिंबाच्या पानांनी तुंबलेल्या सापडतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने नळीची मंद धार एकेका जागी ५ मिनिटं धरत खालून वर सरकावं. जेटने ही तपासणी करू नये. तो धड रबरातूनही पाणी आत घुसवतो आणि नसलेली गळती दाखवतो.

ती तपकिरी कड कशी पडते, हे कळलं की निम्मं काम झालं. पाणी बोर्डातला रंग आणि साचलेली धूळ घेऊन कापडात उतरतं, आणि वाळताना सगळा मळ ओलीच्या काठावर जमतो. नुसता डागच चोळला तर त्याच्याभोवती नवं, मोठं वर्तुळ उमटतं. पुसायचं ते सगळं अस्तर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकाच बैठकीत आणि हलक्या ओलीने.

आधी मऊ ब्रशने धूळ काढावी. १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली, म्हणजे चमचाभर, लोकरीचे कपडे धुण्याचं लिक्विड घालून घुसळावं आणि फडक्यावर फक्त फेस घ्यावा, पाणी नाही. सनव्हायझरमागे आधी करून बघावं. मग न दाबता, एकाच दिशेने पुसत जावं. लगेच साध्या पाण्यातून घट्ट पिळलेलं फडकं, आणि शेवटी कोरडं. साबण मागे राहिला तर तीच जागा धूळ धरून पुन्हा काळी पडते. कडक ब्रश नकोच; कापडाची लव विस्कटते आणि तो चट्टा जात नाही.

डोक्याच्या तेलाचे डाग मागच्या सीटच्या वर सापडतात. ते सर्जिकल स्पिरिटने टिपून निघतात. पेट्रोल आणि थिनर डागाबरोबर गोंदही विरघळवतात, शिवाय बंद गाडीत त्यांची वाफ पेट घेऊ शकते. आपल्या भागातला खास डाग म्हणजे खर्रा, अर्थात सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीतलं टॅनिन कपड्याच्या पावडरीने किंवा खाण्याच्या सोड्याने आणखी गडद होतं. तिथे पांढरं व्हिनेगर १ भाग आणि पाणी २ भाग, नुसतं टिपत राहायचं. फिक्या अस्तरावर एवढं करूनही कड उरली, तर ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तेवढंच पाणी घालून लावावं, पण आधीचं व्हिनेगर पाण्याने पुसून जागा वाळल्यावरच. ब्लीच कधीही नको. त्याने नायलॉन पिवळं पडतं, आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर क्लोरिनचा विषारी वायू सुटतो.

बुरशीचं प्रकरण वेगळं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्त्यांत शिरलं, तशा पुरात पाणी सीटपर्यंतच चढलं तरी नंतर बुरशी छताला धरते. कार्पेटखालचं जाड अस्तर आठवडेच्या आठवडे ओलं राहतं आणि त्याची वाफ रात्री गार पडलेल्या छतावर जमते. म्हणून आधी कार्पेट उचलून खालचा भाग उन्हात वाळवावा. मग तोंडाला मास्क लावून, दारं उघडी ठेवून, व्हॅक्यूमने ठिपके ओढावेत आणि स्पिरिटने पुसावं. त्यानंतरही वास राहिला तर बुरशी स्पंजात उतरली आहे, अस्तर बदलावं.

बदलताना गल्लत होते ती जुन्या स्पंजावरच नवं कापड चिकटवण्याची. गोंद भुकटीला धरतो, बोर्डाला नाही, आणि पुढच्या मेमध्ये सगळं खाली. लोंबलेल्या जागी सुईने गोंद सोडणं तर त्याहून वाईट, कापडावर कडक डाग उमटतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून १० मिनिटं थांबावं, कारण काही गाड्यांत छताच्या कडेला एअरबॅग असतात. बोर्ड न वाकवता बाहेर घ्यावा. एकदा मुडपला की घडी राहते. नायलॉनच्या ब्रशने स्पंजाचा कण न् कण काढावा, तारेच्या ब्रशने बोर्ड फाटतो. जास्त तापमान सोसणारा स्प्रे गोंद बोर्डावर आणि नव्या कापडाच्या मागच्या बाजूवर मारावा, बोटाला लागेनासा झाला की मधून कडेकडे तळहाताने बसवत जावं आणि २४ तास गाडी सावलीत ठेवावी. भर पावसात हे काम घेऊ नये, दमट हवेत गोंदाची पकड कमी पडते.

वॉशिंग सेंटरवाल्यांनी छतावर गन धरण्याआधी ती बोटाची परीक्षा गाडीवाल्यासमोर करावी, आणि गाडीवाल्यांनी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी आणू नये. दोन दिवस आधी आणली, तर पुसलेलं अस्तर दारं उघडी ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर नीट वाळतं.

आपले,
गाड्यांच्या सीट आणि छताचं काम करणारे कारागीर,
नागपूर