लालूच्या एमआरआयसाठी मदत पाहिजे, गोकुळपेठ-धरमपेठवाल्यांनो वाचा

राजेहो, सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या नागपूरच्या गोकुळपेठ मार्केटमधला लालू कुत्रा, हातगाड्यांखाली झोपणारा, नसबंदीची खाच असलेल्या कानाचा, त्याच्या मेंदूचा एमआरआय करायचा आहे आणि त्यासाठी रस्त्यावरच्या जनावरांचं पाहणाऱ्या आपल्या मंडळाला ४०,००० रुपये जमवायचे आहेत. यात भूल, रक्ताच्या टेस्ट, कॉन्ट्रास्टचं (फोटोत बिघाड उठून दिसावा म्हणून द्यायचं) इंजेक्शन आणि मुंबईला जायचं-यायचं सगळं आलं.

झालं असं की लालूला फिट यायला लागल्या. कुत्र्याला साधी मिरगी असली तर ती बहुतेक वेळा ६ महिने ते ६ वर्षं या वयात सुरू होते, लालू तर आठ-नऊचा म्हातारा, म्हणजे डॉक्टरांना तिथंच शंका आली. त्यात तो सारखा डावीकडेच गोल गोल फिरतो, भिंतीला डोकं लावून उभा राहतो, आणि उजव्या बाजूनं पोळी टाकली तर त्याला दिसतच नाही, डावीकडून टाकली की बरोबर उचलतो. डोळे तपासले, ते चांगले आहेत. डॉक्टर म्हणाले मेंदूच्या पुढच्या भागात, डाव्या बाजूला काहीतरी आहे. आता ते "काहीतरी" म्हणजे गाठ, सूज का इन्फेक्शन, हे बाहेरून कितीही हुशार डॉक्टर असला तरी सांगू शकत नाही.

काही जण म्हणाले स्टिरॉइड देऊन पाहा ना, स्वस्तात होईल. अहो, नुसती सूज असेल तर स्टिरॉइडनं फरक पडेल, पण इन्फेक्शन असेल तर त्याच स्टिरॉइडनं जनावर आणखी बिघडू शकतं. आणि आधीच दिलं तर नंतरच्या पाठीच्या पाण्याच्या टेस्टमध्येही गोंधळ होतो. म्हणून सध्या फक्त फिटची गोळी चालू आहे. सीटी स्कॅन स्वस्त पडतो हे खरं, रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं त्यात चांगलं दिसतं, पण मेंदूतली बारीक सूज तो सोडून देऊ शकतो आणि मागच्या भागात तर कवटीच्या जाड हाडांमुळे चित्र खराब येतं. माझ्या मते अर्धवट फोटोवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

भूल कशाला, असंही विचारलं गेलं. माणसाला हलू नका म्हटलं की तो पडून राहतो, लालूला कोण सांगणार? पाऊण-एक तास तसूभरही हलायचं नाही, म्हणून पूर्ण भूल, आणि म्हणून आधी लिव्हर-किडनीच्या टेस्ट. एक्स-रेपण करून घेणार आहोत, कारण रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या अंगात कधीकधी एअरगनचे छर्रे निघतात (कोण मारतं कुणास ठाऊक) आणि त्या चुंबकात धातू नको.

आता स्पष्ट सांगून ठेवतो, एमआरआयनं लालू बरा होत नाही. गाठ दिसली तरी ती नेमकी कसली हे शंभर टक्के कळेलच असं नाही, आणि मोठी निघाली तर त्याला त्रास कमी होईल एवढंच आपल्या हातात राहील. पण मेंदूच्या आवरणावरची गाठ असेल तर ऑपरेशनचा विचार करता येतो, सूज असेल तर औषधांवर पुढची काही वर्षं चांगली जाऊ शकतात. एवढ्या पैशात किती नसबंद्या झाल्या असत्या, असं म्हणणाऱ्यांचंही बरोबर आहे, म्हणूनच नसबंदीच्या फंडाला हात न लावता हे वेगळं मागतोय.

पैसे मंडळाच्या खात्यातच द्या, कुणाच्या पर्सनल नंबरवर नको. क्यूआर कोड आपल्या नेहमीच्या खाऊवाटपाच्या जागी लावलाय. सगळी बिलं तिथंच चिकटवू, उरले तर मनीषनगरच्या फिट येणाऱ्या मांजरीच्या तपासणीला जातील. ५० रुपयेही चालतील.

आणि पैशापेक्षा जास्त अडलंय ते गाडीचं. समृद्धीनं ७०१ किलोमीटर जायचं आहे, एसी चांगला चालणारी मोठी गाडी आणि दोन ड्रायव्हर पाहिजेत, कारण फिट आली की अंग तापतं आणि आपल्या नागपूरच्या उन्हात ते झेपणार नाही. निघायचं रात्रीच. जमत असेल त्यांनी रविवारच्या आत सांगा, स्लॉट पक्का करायचा आहे.