जुनं औषध नव्या विषाणूवर का चालत नाही: बाबांना पत्र

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बाजारात इतकी औषधं आहेत, त्यातलंच एखादं विषाणूवर का चालत नाही?" आमच्या लॅबचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

चालतं कधीकधी. एझेडटी १९६४ साली कर्करोगासाठी बनवलं, तिथे ते कुचकामी ठरलं आणि १९८७मध्ये एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध झालं. विषाणू आपल्या जनुकांची प्रत काढू लागला की ते मध्येच साखळीत शिरतं आणि साखळी तिथेच खुंटते.

आम्ही प्लेटच्या खळग्यांत पेशींचा थर वाढवतो, औषध आणि विषाणू घालतो, काही दिवसांनी जांभळा रंग देतो. जगलेल्या पेशी रंग धरतात. विषाणूनं मारलेल्या जागी भोकं दिसतात. अख्खा खळगा जांभळा निघाला की फार आनंद होतो. पण पहिला प्रश्न हाच, की पेशी कुणाच्या?

मलेरियावरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीननं कोरोना रोखला तो माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत. तिथे विषाणू आम्लधर्मी पिशव्यांमधून आत शिरतो आणि हे औषध नेमकं ते आम्ल कमी करतं. माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर मात्र टीएमपीआरएसएस२ नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या मदतीनं विषाणू थेट पृष्ठभागावरूनच घुसतो, औषध भलत्याच वाटेवर पहारा देत बसतं. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रुग्णांनाही त्याचा फायदा दिसला नाही. जंतांवरच्या आयव्हरमेक्टिनची गोष्ट वेगळी: प्लेटमध्ये जेवढं लागलं, तेवढं नेहमीच्या डोसनं रक्तात पोचतच नाही.

ज्यांनी तेव्हा या गोळ्या साठवल्या त्यांना मी दोष देत नाही, घाबरलेला माणूस दुसरं काय करणार? पण ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असलेल्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनची रोजची गोळी मिळेनाशी झाली, याचा मला अजून राग येतो. 'पेशी माकडाच्या आहेत' एवढं तरी बातम्यांत ठळक यायला हवं होतं.

बरं, माणसाच्या पेशी घेतल्या म्हणजे झालं, असंही नाही. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या सुजेवर देतात ते कॅमोस्टॅट हे औषध टीएमपीआरएसएस२ हेच एन्झाइम अडवतं. फुप्फुसाच्या पेशींत त्यानं विषाणू रोखला, तरी रुग्णांवरच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही. म्हणून आता आम्ही कोणतं औषध रक्तात आणि फुप्फुसात किती पोचतं याचा तक्ता आधी काढतो. त्यात बसेल तेच प्लेटवर घेतो. यादी खूप छोटी होते, पण मला ती जास्त भरवशाची वाटते.

आईला नमस्कार.

तुमची लेक