मुलबेखच्या मैत्रेयासाठी वेळ ठेवा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लडाखला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या पाहता एक विनंती जाहीरपणे करावीशी वाटते. श्रीनगरहून निघालेल्या आपल्याकडच्या सहली द्रासचे युद्धस्मारक पाहून कारगिलला मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी लेह गाठायचे म्हणून सकाळीच सुटतात. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर, मध्ये नमिका ला आणि फोटू ला या दोन खिंडी, त्यामुळे चालकांची घाई समजते. पण या घाईत वाटेतल्या मुलबेख गावाच्या वाट्याला जेमतेम चहापुरता वेळ येतो. काही गाड्या तर तिथे थांबतही नाहीत.

कारगिलपासून साधारण ४० किलोमीटरवर, वाखा नदीच्या खोऱ्यात, हमरस्त्याला अगदी लागून एक उंच सुटा कडा उभा आहे. त्यावर मैत्रेय बोधिसत्त्वाची, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाची, सुमारे ९ मीटर उंचीची उभी मूर्ती कोरलेली आहे. लडाखी लोक मैत्रेयाला चंबा म्हणतात. मूर्तीचा काळ अभ्यासक साधारणपणे सातव्या ते दहाव्या शतकादरम्यानचा मानतात. बोरिवलीकरांना अंदाज यावा म्हणून सांगते, कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातील दोन्ही भव्य बुद्धमूर्ती सुमारे ७ मीटरच्या आहेत. त्या व्हरांड्याच्या सावलीत आहेत, मुलबेखचा मैत्रेय मात्र शेकडो वर्षे उघड्यावर, बर्फात आणि रणरणत्या उन्हात उभा आहे. तरीही गळ्यातले अलंकार, हातातली जपमाळ आणि कमंडलू, कमरेचे धोतर सगळे ओळखू येते.

मूर्तीला चार हात आहेत. आमच्या गटातील काहींना ती विष्णूची वाटली, कुणी शिवाचीही म्हणाले. हा संभ्रम स्वाभाविक आहे. मैत्रेय हा अजून बुद्ध न झालेला, पुढे येणारा बुद्ध, म्हणून त्याला भिक्षूच्या चीवरात न दाखवता राजपुत्रासारखे दागिन्यांनी सजवतात. हे जागेवर कुणीतरी दोन मिनिटे समजावून सांगितले असते तर सगळ्यांचे पाहणेच बदलले असते. मार्गदर्शकाने मात्र ‘फोटो काढून घ्या’ एवढेच सांगितले. पायथ्याशी १९७५ मध्ये बांधलेले छोटे मंदिर आहे. त्याच्या आड मूर्तीची पावले जातात, म्हणून गाडीच्या खिडकीतून टिपलेल्या छायाचित्रात पूर्ण आकृती येतच नाही. खाली उतरून, मंदिरात जाऊन, मग थोडे मागे येऊन मान वर करून पाहावे लागते.

याच गावात खडकावर कोरलेली एक राजाज्ञाही आहे. लडाखच्या एका जुन्या राजाने पशुबळी बंद करण्याचा हुकूम दिला. त्याच्याजवळच, हा हुकूम पाळणे कठीण आहे, बोकड नाही दिला तर ग्रामदैवत काय म्हणेल, अशा आशयाचे गावकऱ्यांचे उत्तरही कोरलेले आहे. जत्रेतल्या बळीवरून आपल्या गावांत झालेले वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे शेजारच्या तालुक्यातले वाटेल.

ज्यांच्या हाताशी एक दिवस जास्त आहे त्यांनी कारगिलहून सुरू नदीच्या खोऱ्यातही जावे. सांकूच्या पुढे कारत्से खार या गावी सुमारे ७ मीटरचा आणखी एक मैत्रेय कड्यावर कोरलेला आहे. आजचे गाव मुस्लिम आहे. मार्च २००१ मध्ये अफगाणिस्तानातील बामियानच्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंगांनी उडवल्या गेल्या, तेव्हा साऱ्या जगाने हळहळ व्यक्त केली. सुरू खोऱ्यात वेगळ्या धर्माच्या लोकांनी आपल्या शेतांलगतची मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदू दिली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. कारगिल म्हणजे फक्त १९९९चे युद्ध, एवढीच ओळख घेऊन आपण परततो याचे मला मनापासून वाईट वाटते.

सहल आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत मुलबेखला किमान एक तास द्यावा आणि स्थानिक माहितगार बरोबर घ्यावा. गावातल्या लोकांना त्यातून दोन पैसेही मिळतील. पर्यटकांनीही पैसे भरण्यापूर्वी ‘मुलबेखला किती वेळ थांबणार?’ असे स्पष्ट विचारावे. आणि आपल्या पर्यटन पुरवणीत कारगिल जिल्ह्यातील या शिल्पांवर नकाशासह एखादा सविस्तर लेख उन्हाळी सुट्टीच्या आधी यावा, ही आपल्याला विनंती. सहलींची नोंदणी तेव्हाच सुरू असते.

आपली,
एक वाचक, बोरिवली