कुलूप माझ्या दारावर, मुख्य खाते दुसऱ्याच्या फोनवर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : स्मार्ट कुलपाचे मुख्य खाते आपल्या तंत्रज्ञाच्या नावे राहिल्याबाबत, तसेच 'भाडेकरूंसाठी खास' या दाव्याबाबत तक्रार

महोदय,

मी राहते त्या भाड्याच्या घराच्या मुख्य दारासाठी आपल्या कंपनीचे स्मार्ट कुलूप घेतले. आपला तंत्रज्ञ ते बसवून गेल्यावर मी ॲपमधली वापरकर्त्यांची यादी उघडली. सगळ्यात वर 'मुख्य वापरकर्ता' म्हणून त्याचा फोन क्रमांक होता आणि माझे नाव त्याच्या खाली, 'अतिथी' म्हणून. बसवताना "आधी माझ्या फोनवर जोडून तपासतो, मग तुम्हाला देतो" असे तो म्हणाला होता. मला मिळाला तो फक्त दार उघडण्याचा अधिकार. नवा पासकोड कोणाला द्यायचा, कोणाच्या बोटाचा ठसा काढून टाकायचा, दार कधी आणि कोणी उघडले याची नोंद कोणी पाहायची, हे सगळे आजही त्याच्या फोनवर आहे.

त्या माणसाने हे वाईट हेतूने केले, असे मी म्हणत नाही. घाईत राहून गेले असेल. पण माझी आई दिवसभर घरात एकटी असते, आणि तिच्या दाराचा ताबा एका अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर सोडायला मी तयार नाही.

आपल्या मदत क्रमांकावर मला सांगण्यात आले, की मुख्य वापरकर्त्याने स्वतः खाते सोडल्याशिवाय कंपनीला काही करता येत नाही आणि तो तंत्रज्ञ आता आपल्याकडे कामाला नाही. बिल माझ्या नावावर आहे, खोक्यावरचा अनुक्रमांक माझ्याकडे आहे, कुलूप माझ्या दारावर आहे. तरी परवानगी मागायची ती नोकरी सोडून गेलेल्या माणसाची! सांगितल्याप्रमाणे मी फॅक्टरी रीसेटही (कुलूप नव्यासारखे कोरे करणे) करून पाहिले. त्याने ठसे आणि कोड पुसले गेले. पण पुन्हा जोडायला गेल्यावर ॲपने 'हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे' असा संदेश दाखवला. म्हणजे मालकीची नोंद कुलपात नाही, आपल्या सर्व्हरवर आहे. ती बदलणे फक्त आपल्याच हातात आहे, म्हणून हे पत्र.

हे कुलूप मी का घेतले तेही सांगते, कारण आपण ते कोणाला विकता याच्याशी त्याचा थेट संबंध आहे. भाड्याच्या घरात पहिला प्रश्न असतो तो किल्ल्यांचा. आधीच्या भाडेकरूंनी किती डुप्लिकेट किल्ल्या करून घेतल्या आणि त्या कोणाकोणाकडे राहिल्या, हे घरमालकालाही सांगता येत नाही. यावर जुना, खात्रीचा आणि स्वस्त उपाय आहे : सिलिंडर (कुलपातला किल्ली फिरते तो भाग) बदलायचा, किंवा किल्लीवाल्याकडून आतल्या पिना बदलून घ्यायच्या. मग जुनी किल्ली आत जाते, पण फिरत नाही. माझे घरमालक त्याला तयार होते. मी मात्र आपले माहितीपत्रक वाचले. 'भाडेकरूंसाठी खास. एकही नवे छिद्र नाही. भाडेकरू बदलला, की एका स्पर्शात जुने सगळे अधिकार रद्द.' त्या शब्दांवर विश्वास ठेवून सिलिंडरच्या कितीतरी पट रक्कम मी मोजली. आज परिस्थिती अशी आहे, की जुन्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे ठाऊक नव्हते. नव्याची कोणाकडे आहे हे ठाऊक आहे आणि ती काढून घेता येत नाही.

दुसरी तक्रार दाराच्या चौकटीची. संशय आला म्हणून मी कुलपातून चौकटीत शिरणाऱ्या दांड्याच्या (बोल्टच्या) टोकाला खडूची पूड लावून दार लॉक केले आणि पुन्हा उघडून पाहिले. चांगल्या डेडबोल्टचा, म्हणजे किल्लीने किंवा मोटारीनेच सरकणाऱ्या भक्कम अडसराचा, दांडा साधारण 25 मिलिमीटर बाहेर येऊन चौकटीत शिरायला हवा. इथे चौकटीतली जुनी खाच उथळ आहे, त्यामुळे तो निम्म्यावरच अडतो. मोटार कण्हते, थांबते, आणि ॲपवर हिरव्या अक्षरांत 'लॉक झाले' असे येते. दांडा पूर्ण बाहेर आला की नाही, हे आपले कुलूप तपासतच नाही. तंत्रज्ञाला खाच उथळ दिसली होती; छिन्नी मारून ती खोल करावी लागेल असे तो म्हणाला. पण चौकटीला हात लावायचा नाही, ही घरमालकांची अट आहे आणि त्याच अटीसाठी मी 'एकही नवे छिद्र नाही' असे छापलेले कुलूप निवडले. मग एक तर जाहिरात खोटी, नाही तर दार अर्धवट बंद. यातले काय खरे ते आपणच सांगावे.

दांडा ज्यातून चौकटीत शिरतो त्या धातूच्या पट्टीसाठी आपण दिलेले स्क्रू जेमतेम 18 मिलिमीटरचे आहेत. लाथ किंवा खांदा मारून दार फोडले जाते, तेव्हा बहुतेक वेळा आधी कुलूप तुटत नाही, ही पट्टी चौकटीतून उखडते. म्हणून तिथे 75 मिलिमीटरचे, लाकडात खोलवर जाणारे स्क्रू वापरावेत असे जाणकार सांगतात. एवढ्या महागड्या कुलपात चार लांब स्क्रू घालायला काय हरकत होती?

आणि आपत्कालीन किल्लीचा सिलिंडर. माहितीपत्रकात 128 बिट एन्क्रिप्शनचे (फोन आणि कुलपातले संदेश सांकेतिक करण्याचे) मोठे कौतुक आहे, पण त्याच कुलपाच्या पोटात साध्या पिनांचा सिलिंडर आहे. ही रचना लायनस येल यांनी 1861 च्या सुमारास पेटंट केलेल्या रचनेचीच आहे आणि नीट बनवली तर आजही उत्तम चालते. मात्र स्वस्तात बनवली, तर खास घासलेली किल्ली घालून वर हलका ठोका दिला, की पिना क्षणभर उडतात आणि सिलिंडर फिरतो. म्हणून अमेरिकेत कुलपांच्या मजबुतीसाठी एएनएसआय/बीएचएमए मानकाच्या 1 ते 3 श्रेणी आहेत (1 सर्वांत भक्कम), युरोपात सिलिंडरसाठी ईएन 1303 आहे. आपल्या खोक्यावर यातले काहीच छापलेले नाही. चोर एन्क्रिप्शन फोडत बसणार नाही. तो किल्लीच्या भोकापासूनच सुरुवात करील.

ही एकट्या माझ्या दाराची गोष्ट असती, तर मी इतके लिहिले नसते. 2017 मध्ये एका उत्पादकाने चुकीचे अपडेट पाठवल्याने सुमारे 500 स्मार्ट कुलपे निकामी झाली होती आणि त्यांतली बरीच भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर होती. ज्या कुलपाचा ताबा सर्व्हरवरून चालतो, ते विकणाऱ्याची जबाबदारी बिल फाडल्यावर संपत नाही. घर स्वतःचे असेल, तर माणूस सुतार बोलावून चौकट दुरुस्त करील, दार बदलील. भाडेकरूला ती मुभा नसते, त्याला आपल्या शब्दावरच अवलंबून राहावे लागते. म्हणून त्याला दिलेला शब्द जास्त जपायला हवा.

सध्या मी वाय-फाय जोडणी काढून टाकली आहे, पण दाराजवळ उभे राहून ब्लूटूथवरून कुलूप अजूनही उघडता येते. त्यामुळे आई आतून कडी लावून बसते आणि बाहेर जाताना आम्ही कोयंड्याला साधे लटकते कुलूप लावतो.

बिल, अनुक्रमांक आणि ओळखपत्र पाहून मुख्य खाते त्वरित माझ्या नावे करावे आणि आधीच्या क्रमांकाचे सर्व अधिकार सर्व्हरवरून काढल्याची लेखी खात्री द्यावी. कुलूप बसवल्यापासूनची दार उघडल्याची संपूर्ण नोंद मला द्यावी. चौकट न कोरता दांडा पूर्ण बसेल अशी सोय आणि लांब स्क्रू आपल्या खर्चाने द्यावेत. ते जमत नसेल, तर कुलूप परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी आणि माझे जुने कुलूप आपल्या माणसाकडून पूर्वीसारखे बसवून द्यावे. तंत्रज्ञांनी स्वतःच्या फोनवर ग्राहकाचे कुलूप जोडण्याची पद्धत बंद करावी आणि अशी आणखी किती कुलपे अजून त्या खात्यावर आहेत, हे तपासून त्या ग्राहकांना कळवावे. त्यांच्यापैकी अनेकांनी ती यादी उघडूनही पाहिली नसेल.

बिलाची प्रत, ॲपमधील यादीचा स्क्रीनशॉट आणि खडूचा डाग दिसणाऱ्या दांड्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. उत्तर फोनवर नको, लेखी द्यावे.

आपली,
एक ग्राहक